जाता जाता मारलेली पेनल्टी

माझा भाचा आर्सेनलवेडा आहे, म्हणजे लंडनच्या त्या फुटबॉल क्लबचा भक्त. रात्री-अपरात्री उठून मॅच बघणं, हरले की दुसऱ्या दिवशी घरात कुणाशी न बोलणं, सगळं साग्रसंगीत. दिवाळीत आला होता तेव्हा चकलीच्या डब्याला फोन टेकवून त्यानं मला एक जुनी क्लिप दाखवली. रंग उडालेली, कडेनं थरथरणारी. इटलीच्या पार तळाला, कॅलाब्रियात, कातान्झारो नावाचं शहर आहे. तिथलं मैदान, तारीख 16 मे 1982. "पेनल्टी मारतोय तो बघ मावशी. लियम ब्रेडी. आयर्लंडचा. मूळचा आपला, आर्सेनलचा. इथं तुरिनच्या युव्हेंटसकडनं खेळतोय." सडपातळ, दाट केसांचा एक माणूस चेंडू ठेवतो, थोडा मागे सरकतो, डाव्या पायानं मारतो. गोल. एवढंच. मग भाच्यानं खालची माहिती वाचून दाखवली. या एका गोलवर युव्हेंटस इटलीचा विजेता झाला. आणि ज्यानं तो मारला, तो क्लबला पुढच्या वर्षी नको होता. त्याच्या जागी दुसरा येणार हे पक्कं झालं होतं, आणि चेंडू ठेवताना ते त्याला पुरतं ठाऊक होतं. भाच्यानं चकली मोडली आणि म्हणाला, "मग मुद्दाम बाहेर मारायचा की यानं!"

सगळे हसले. भावजी म्हणाले, "पगार घेतलेला असतो रे." बहीण म्हणाली, "शेवट गोड करावा माणसानं." मग विषय फटाक्यांवर गेला आणि भाचा खाली पोरांत. माझ्या डोक्यातून मात्र ते काही जाईना. पोराचा प्रश्न उद्धट वाटला तरी रास्त होता, आणि त्याला घरातल्या मोठ्यांनी दिलेली दोन्ही उत्तरं मला पटली नव्हती.

पगाराचं उत्तर घ्या. पगार मन लावून मॅच खेळण्याचा असतो. पेनल्टी मारायला पुढे होण्याचा नसतो. ब्रेडी म्हणू शकला असता, आज मला नको, पाय जड झालेत, दुसरा कुणी मारा. शेवटची मॅच, सव्वा तास होत आलेला, गोल एकही नाही. तिकडे फ्लॉरेन्सची फिओरेंटिना आणि युव्हेंटस दोघांचेही 44 गुण, आणि फिओरेंटिना त्याच वेळी सार्डिनिया बेटावर काल्यारीशी बरोबरीत अडकलेली. कातान्झारोच्या एका खेळाडूचा हात गोलच्या तोंडाशी चेंडूला लागला आणि पेनल्टी मिळाली. असल्या वेळी पेनल्टी चुकली तर त्या माणसाचं नाव पुढची पन्नास वर्षं त्या चुकीलाच चिकटून राहतं. मारली तर कौतुक क्लबचं. ज्याला क्लबनं दार दाखवलंय त्यानं हा धोका का पत्करावा? आणि बहिणीचं ते शेवट गोड करणं आपल्याकडे सत्यनारायणाच्या प्रसादासारखं सगळ्यांना वाटलं जातं. मला त्यात नेहमी काढून टाकणाऱ्याची सोय दिसते. गोड शेवट जाणाऱ्यानंच करायचा, राहणाऱ्यानं टाळ्या वाजवायच्या.

मराठी माणूस इथे आणखी एक गोष्ट हमखास करतो. हात जोडतो आणि "कर्मण्येवाधिकारस्ते" म्हणतो. मी पण म्हणून बघितलं. जुळेना. कारण ब्रेडीला फळ हवं होतं. त्या संघात त्याच्याइतकं ते कुणालाच हवं नसेल, असं मला वाटायला लागलं, पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

डब्लिनच्या उत्तरेला व्हाइटहॉल नावाची वस्ती आहे. तिथे मोठ्या कुटुंबातलं हे शेंडेफळ, 1956 चा जन्म. थोरले भाऊ रे आणि पॅट आधीच इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळून आलेले. तेव्हाच्या आयर्लंडात फुटबॉल म्हणजे इंग्रजांचा खेळ. ख्रिश्चन ब्रदर्स या कॅथलिक मंडळाच्या शाळांत गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे अस्सल आयरिश खेळच खरे. ब्रेडीला देशाच्या शाळकरी संघाचं कप्तानपद मिळालं, आणि त्याच दिवशी शाळेची गेलिक मॅच होती. तो देशाकडून खेळला. शाळेनं सांगितलं, आता इकडे येऊ नकोस. देशाकडून खेळला म्हणून देशप्रेमी शाळेनं काढलं. हे वाचून मी चक्क मोठ्यानं हसले. मग लक्षात आलं की त्याचं वय तेव्हा आठवी-नववीतल्या पोराचं. नको असण्याशी या माणसाची ओळख पार शाळेच्या फाटकापासूनची आहे.

पंधराव्या वर्षी तो लंडनला आर्सेनलमध्ये गेला, सतराव्या वर्षी पहिल्या संघात. टोपणनाव पडलं 'चिपी'. चेंडू अलगद उचलून टाकतो म्हणून असेल असं मला वाटलं होतं, तर नाही. तळलेल्या बटाट्यांवरून पडलेलं. मधल्या फळीत खेळायचा. मधल्या फळीतल्या माणसाचं वर्णन करणं अवघड असतं. गोल मारणाऱ्याचा गोल दाखवता येतो, अडवणाऱ्याची अडवणूक दाखवता येते. मधला माणूस चेंडू घेतो, एकदा मान वळवून बघतो, देतो, पुन्हा रिकाम्या जागी जाऊन उभा राहतो. ब्रेडीच्या जुन्या मॅचेस बघताना मला सगळ्यात आवडलं ते त्याचं अंग. चेंडू डाव्या पायाशी, खांदा एका बाजूला झुकलेला, समोरचा त्या खांद्यावर विश्वास ठेवून तिकडे सरकतो आणि हा भलतीकडून निघून गेलेला असतो. यात जोर कुठेच नाही. पायमोजे घोट्यावर उतरलेले, सदरा बाहेर. आमच्या पेठेतली जुनी माणसं ज्याला "पायात अक्कल आहे" म्हणतात, ती.

डिसेंबर 1978 मधला टॉटनहॅमविरुद्धचा त्याचा गोल भाच्यानं मला आधीच कैक वेळा दाखवला होता. आर्सेनलवाल्यांना तो पोथीसारखा वाचावा लागतो. पाच-शून्यची मॅच, टॉटनहॅमच्याच मैदानावर. प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू हिसकावला आणि डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेनं असा फिरवला की तो गोलपोस्टच्या बाहेर जातो जातो म्हणताना आत वळून वरच्या कोपऱ्यात गेला. पण मला जास्त भावतो तो 1979 च्या, इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम सामन्यातला प्रसंग, ज्यात ब्रेडीनं गोल मारलेलाच नाही. आर्सेनल दोन-शून्यनं पुढे, मॅच संपत आलेली, आणि दोन-तीन मिनिटांत मँचेस्टर युनायटेडनं दोन गोल मारून बरोबरी केली. वेम्ब्लीवर एकच कल्ला. अशा वेळी चेंडू ब्रेडीकडे आला. पायात गोळे, मोजे खाली. तो चेंडू घेऊन पुढे पळत सुटला, डावीकडे संघातल्या रिक्सला दिला, रिक्सनं उचलून टाकला, संडरलंड नावाच्या दुसऱ्या सहकाऱ्यानं पलीकडच्या खांबाशी गोल केला. तीन-दोन. पुढे ब्रेडीनं सांगितलं की त्याला काही गोल करायचा नव्हता, चेंडू आपल्या गोलपासून जमेल तितका लांब न्यायचा होता. दमलेल्या माणसानं वेळ काढण्यासाठी केलेली धाव, आणि तिला लोक आजही प्रतिभा म्हणतात. मी पण म्हणते. दमलेला असताना माणूस जे करतो ते त्याच्या हाडात मुरलेलं असतं.

आता ते फळ. 1980 च्या मे महिन्यात आर्सेनल युरोपातल्या कप विनर्स कपच्या अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाशी खेळली, ब्रुसेल्सला. त्या हंगामात आर्सेनलच्या एकूण सत्तर मॅचेस झाल्या, आणि चारच दिवस आधी एफए कपचा अंतिम सामना हरलेली. गोल नाही, जादा वेळ, पेनल्ट्या. व्हॅलेन्सियाच्या केम्पेसची पहिलीच पेनल्टी आर्सेनलचा गोलकीपर पॅट जेनिंग्ज यानं अडवली. आता पारडं आर्सेनलकडे. पुढे आला ब्रेडी, आणि त्याचीही अडवली गेली. शेवटी रिक्सची पण गेली आणि कप गेला. ती ब्रेडीची आर्सेनलसाठी जवळजवळ अखेरची किक. निघून जायचं त्याचं आधीच ठरलेलं. म्हणजे कातान्झारोच्या दोन वर्षं आधी हा माणूस नेमका याच जागी उभा राहिला होता: एक क्लब सोडतोय, आणि बारा यार्डांवर चेंडू ठेवलेला आहे. त्या वेळी जमलं नव्हतं.

भाच्याला क्लिपेत हे कुठे दिसणार? क्लिप पेनल्टीपासून सुरू होते.

इटलीत तो गेला कसा, हेही मजेशीर आहे. 1966 च्या विश्वचषकात उत्तर कोरियाकडून नामुष्की झाल्यावर इटलीनं परदेशी खेळाडूंना दार लावून घेतलं होतं. 1980 मध्ये ते किलकिलं झालं, प्रत्येक क्लबला एकच परदेशी. रोमानं ब्राझीलचा फाल्काव घेतला, नापोलीनं हॉलंडचा क्रोल. युव्हेंटसला त्याच वसंतात आर्सेनलनं तुरिनमध्ये जाऊन हरवलं होतं, म्हणून असेल, त्यांनी ब्रेडी घेतला. दहा नंबरचा सदरा दिला. पहिल्या वर्षी विजेतेपद, आणि लीगमध्ये क्लबकडून सर्वाधिक गोल या मधल्या फळीतल्या माणसाचे. दुसऱ्या वर्षी पुन्हा विजेतेपदाच्या उंबऱ्यावर. त्याच सुमारास नियम बदलला, आता दोन परदेशी चालतील. ब्रेडीच्या जोडीला कुणीतरी येणार असं कुणालाही वाटेल. आले दोघं, पोलंडचा बोनियेक आणि फ्रान्सचा प्लातिनी. खुर्च्या दोन, माणसं तीन.

प्लातिनी पुढे युव्हेंटसचा केवढा मोठा खेळाडू झाला ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे युव्हेंटसचं चुकलं असंही छातीठोकपणे म्हणता येत नाही. हीच तर खरी अडचण. माणसाला काढतात तेव्हा काढणाऱ्याचं पुष्कळदा बरोबरच असतं. मी ज्या कचेरीत काम करायचे तिथे एक ज्येष्ठ सहकारी होते. त्यांचा विभाग बंद करायचं ठरलं, हिशेब बघितला तर निर्णय योग्य होता. नोटीस पीरियडचे सगळे दिवस ते एक जुनी एक्सेलची फाइल दुरुस्त करत बसले. तिच्यातली एक बेरीज कधीपासून चुकीची येत होती आणि सगळे ती हातानं सुधारून पुढे जायचे. मला त्यांचा तेव्हा रागच आला होता. आता ही फाइल उघडणार कोण? जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून ते एकेक रकाना तपासत होते, आणि बेरीज जुळली तेव्हा मान वर करून म्हणाले, "छळत होती बेणी." बास. क्लबसाठी नाही, कंपनीसाठी नाही, गीतेसाठी तर नाहीच. छळत होती.

ब्रुसेल्सची पेनल्टी ब्रेडीला छळत असणार, असं मी धरून चालले आहे. त्यानं तसं म्हटलंय असा माझा दावा नाही. पण मला तो चेंडू ठेवताना दिसतो तेव्हा त्याच्यात मला युव्हेंटसशी निष्ठा दिसत नाही, सूड नाही आणि त्याग तर अजिबात दिसत नाही. पेनल्ट्या तोच मारायचा. चेंडू त्याचा होता. क्लबनं सदरा काढून घेतला असेल, पुढच्या जूनपासून. त्या दुपारी दहा नंबर त्याच्याच पाठीवर होता.

आणि तो गोल स्वच्छ, निर्मळ आनंदाचा होता का? फ्लॉरेन्सच्या माणसाला विचारा. तिकडे काल्यारीत फिओरेंटिनाचा एक गोल रेफ्रीनं नाकारला. इकडे कातान्झारोला आधी एक पेनल्टी मिळायला हवी होती, ती दिली नाही, असं त्यांचं आजतागायत म्हणणं. चोर होण्यापेक्षा दुसरं आलेलं बरं, अशी घोषणाच त्या शहरानं बनवली. त्यांचा कप्तान अंतोन्योनी त्याच हंगामात डोक्याचं हाड मोडून, मरता मरता वाचून परत खेळायला आला होता. एवढं सगळं होऊन एका गुणानं गेलं. युव्हेंटसचं ते विसावं विजेतेपद, म्हणून सदऱ्यावर दुसरा तारा शिवला गेला. ब्रेडीनं तो सदरा पुन्हा घातलाच नाही. दोन महिन्यांनी, 11 जुलैला, इटलीनं विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्याला उतरलेल्या अकरांत सहा जण युव्हेंटसचे. कालपर्यंत ब्रेडी ज्यांना पास देत होता ते. आयर्लंड त्या स्पर्धेत नव्हतं, कारण फ्रान्सइतकेच गुण मिळवूनही गोलफरकात मागे राहिलं, आणि ब्रुसेल्सलाच (पुन्हा ब्रुसेल्स) बेल्जियमविरुद्ध आयर्लंडच्या स्टेपलटनचा एक गोल नाकारला गेला होता.

ब्रेडी मग जेनोआला साम्पदोरियाकडे गेला. तो संघ नुकताच वरच्या श्रेणीत आलेला. हंगामाच्या पहिल्याच मॅचला समोर युव्हेंटस, प्लातिनी-बोनियेकसकट. साम्पदोरियानं एक-शून्यनं हरवलं. या गोष्टीत मला खलनायकी म्हणावा असा आनंद होतो, आणि तो मी लपवणार नाही. पुढे इंटर, मग आस्कोली, आणि सात वर्षांनी परत लंडन, वेस्ट हॅम.

इथपर्यंत आलं की वाटायला लागतं, केवढा समंजस माणूस! काढलं तरी हसत काम पूर्ण केलं. संतच. पण मग 6 सप्टेंबर 1989 येते आणि संतपण गळून पडतं. डब्लिनचं लॅन्सडाउन रोड मैदान, समोर पश्चिम जर्मनी, मैत्रीचा सामना. आयर्लंडचा प्रशिक्षक जॅक चार्ल्टन, इंग्रज, उंचापुरा, रोखठोक. त्याचा खेळ सरळ होता: चेंडू उंच आणि लांब मारा, समोरच्याच्या पाठीमागे टाका, आणि धावून जा. चेंडू मधल्या फळीच्या डोक्यावरून जायचा. अशा संघात ब्रेडीनं करायचं काय? तरी तो होता. 1987 मध्ये ब्राझीलला डब्लिनमध्ये एक-शून्यनं हरवलं तो गोल त्याचाच. 1988 ची युरो स्पर्धा ही आयर्लंडची पहिली मोठी स्पर्धा, पण पात्रता फेरीत बल्गेरियाविरुद्ध लाल कार्ड मिळून त्याच्यावर बंदी आली, मग गुडघा गेला. स्टुटगार्टला आयर्लंडनं इंग्लंडला हरवलं तेव्हा तो मैदानावर नव्हता. राहिला होता फक्त 1990 चा विश्वचषक. आणि त्या सप्टेंबरात, अर्धा खेळ व्हायला थोडीच मिनिटं उरली असताना, चार्ल्टननं त्याला बाहेर बोलावलं. मध्यंतरापर्यंतही थांबला नाही. ब्रेडी बाहेर आला आणि सामना झाल्यावर निवृत्ती जाहीर केली. बहात्तर सामने, आणि मोठी स्पर्धा एकही नाही.

मला आमच्या शाहू स्टेडियमची आठवण झाली. कोल्हापुरात तालमींचं, म्हणजे पेठांतल्या संघांचं, फुटबॉल काय असतं ते मी सांगायला नको. लहानपणी वडील मला न्यायचे. पायऱ्यांवर शेंगदाण्याच्या पुड्या, खाली धूळ, आणि गोल झाला की मागच्या माणसाच्या तोंडचं पाणी आपल्या पाठीवर. एका तालमीचा जुना हाफ, म्हणजे मधल्या फळीतला खेळाडू, होता, पेठेत त्याला सगळे मान द्यायचे. एका मॅचला खेळ चालू असतानाच त्याला हात करून बाहेर बोलावलं. तो आला. सदरा काढला, नीट घडी घातली, बाकावर ठेवला, आणि बनियनवर, पायात बूट तसेच, फाटकातून बाहेर जाऊन कुणाच्या तरी एम-80 दुचाकीवर मागे बसून गेला. परत कधी उतरला नाही. वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हाफ टायमाला काढला असता तर तोच खेळत राहिला असता अजून." तेव्हा मला वाटलं, दहा मिनिटांनी काय फरक पडतो? काढलं ते काढलंच.

फरक पडतो. मध्यंतरात माणूस सगळ्यांबरोबर आत जातो आणि फक्त बाहेर येत नाही. त्याचं जाणं कुणाला दिसत नाही. खेळ थांबवून काढलं की स्टेडियमचे सगळे डोळे त्या एकट्याच्या चालण्यावर. युव्हेंटसनं ब्रेडीला काढलं ते बंद दाराआड, आधी सांगून. ते पचवायला, रागवायला, स्वतःशी काय ते ठरवायला त्याला दिवस मिळाले. पेनल्टीपर्यंत तो आतून मोकळा झालेला असू शकतो. डब्लिनमध्ये त्याला सांगितलं नाही, दाखवलं, आणि तेही त्याच्याच गावात. तोच माणूस, तोच डावा पाय; एका ठिकाणी गोल मारून गेला, दुसऱ्या ठिकाणी तडक गेला. म्हणून शांतपणाचं श्रेय नुसतं स्वभावाला द्यायला मी आता तयार नाही. थोडं श्रेय काढण्याच्या पद्धतीला पण द्यावं लागेल. अर्थात चार्ल्टनचे चाहते म्हणतील, त्याच पद्धतीनं आयर्लंड विश्वचषकाला गेलं. गेलंच की.

आणि विश्वचषक होता कुठे? इटलीत! हे मला तेव्हा कळलं नव्हतं. 1990 चा जून, दूरदर्शनवर रात्रीच्या मॅचेस, घरात अंधार करून आवाज बारीक. आयर्लंड-रोमानिया मला स्पष्ट आठवते: गोल नाहीच, पेनल्ट्या, आयर्लंडचा गोलकीपर पॅकी बॉनर यानं उजवीकडे झेपावून एक अडवली आणि मग डेव्हिड ओलिअरीनं शेवटची मारली. वडील खुर्चीतून उठले होते. आज कळतंय, ती मॅच जेनोआला झाली, साम्पदोरियाच्या मैदानावर, जिथे ब्रेडी दोन वर्षं खेळला. ओलिअरी म्हणजे डब्लिनहून आर्सेनलला गेलेला, ब्रेडीच्या बरोबर वाढलेला पोरगा. पुढची मॅच रोममध्ये इटलीशीच, तिथे एक-शून्यनं हरले. त्या संघात इटालियन खेळाची नस ठाऊक असलेला, त्या मैदानांचं गवत तुडवलेला माणूस घरी होता. त्याच्या निरोपाचा सामना महिनाभर आधी, मे महिन्यात, डब्लिनमध्ये फिनलंडशी उरकून घेतला होता.

मग सेल्टिकचा आणि ब्रायटनचा व्यवस्थापक म्हणून तो काही वर्षं राहिला. ते काही फार जमलं नाही. 1996 मध्ये आर्सेनलनं त्याला युवा अकादमीचा प्रमुख केलं आणि तिथे तो 2014 पर्यंत टिकला. जॅक विल्शर नऊ वर्षांचा असताना आला तो याच अकादमीत. भाच्याचा देव बुकायो साका पण सात-आठ वर्षांचा असताना इथेच आला, तेव्हा प्रमुख ब्रेडीच. लोक अशा नावांची यादी देतात. मला मात्र दुसरी यादी दिसायला लागली. अकादमीत दरवर्षी काही पोरांना ठेवतात आणि बहुतेकांना सोडतात. सोळाव्या वर्षी एक चाळणी, अठराव्या वर्षी दुसरी. सात-आठ वर्षांच्या वयापासून अंगात तोच सदरा, त्याच बसस्टॉपवर आई किंवा बाप डबा घेऊन उभे, आणि एका दुपारी खोलीत बोलावून सांगायचं की पुढे नाही. प्रमुखाच्या कामाचा केवढा मोठा भाग हाच असणार. ज्याला शाळेनं काढलं, तुरिननं काढलं, डब्लिननं भर मैदानात काढलं, त्याला अठरा वर्षं हेच काम होतं: दुसऱ्यांना सांगायचं. तो ते कसं सांगत असेल याची मला फार उत्सुकता आहे. विल्शर-साकापेक्षा जास्त.

आणि मग या गोष्टीला असा फाटा फुटतो की कुणी कथेत लिहिलं असतं तर मी नाक मुरडलं असतं. 2008 मध्ये आयर्लंडनं नवा प्रशिक्षक नेमला, जोव्हानी त्रापातोनी. कातान्झारोच्या त्या दुपारी युव्हेंटसच्या बाकावर बसलेला प्रशिक्षक तोच. मदतीला मार्को तार्देल्ली, त्याच युव्हेंटसचा मधल्या फळीतला गडी. आणि तिसरा, अकादमीचं काम सांभाळून, ब्रेडी. तिघांची भाषा एक. सव्वीस वर्षांपूर्वी ज्याच्या क्लबनं आपल्याला नको म्हटलं, त्याच्याच शेजारी बसून हा आपल्या देशासाठी पोरं निवडत होता. इथे "माफ केलं" वगैरे म्हणायचा मोह होतो, पण मला नाही वाटत तिथे माफीचा विषय होता. चार्ल्टनबरोबर तो असा बसला असता का? मला शंका आहे.

18 नोव्हेंबर 2009, पॅरिस. विश्वचषकाच्या पात्रतेसाठी फ्रान्सविरुद्ध दुसरी लढत. आयर्लंड अप्रतिम खेळलं, रॉबी कीनचा गोल, जादा वेळ. आणि तिथे थिएरी आन्रीनं हातानं चेंडू थांबवला, पायाशी घेतला, टाकला. गॅलासनं गोल केला. रेफ्रीला दिसलं नाही. आयर्लंडनं सामना पुन्हा खेळवा म्हणून मागणी केली, फिफानं नाही म्हटलं. हात लावणारा आर्सेनलसाठी आजवर सर्वाधिक गोल मारणारा, डोकं लावणारा त्या वेळी आर्सेनलमध्येच, आणि बाहेर बाकावर आर्सेनलच्या अकादमीचा प्रमुख. गॅलास आणि ब्रेडी दोघंही त्याच आठवड्यात लंडनला एकाच क्लबच्या कामावर परत. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "आन्रीबद्दल काय बोलायचं नाही हं मावशी." बरं, नाही बोलत. पण फ्लॉरेन्समध्ये त्या रात्री कुणी म्हातारा टीव्हीसमोर बसला असेल, तर हाताला लागून मिळालेली पेनल्टी आणि हाताला लागून गेलेला विश्वचषक यांचा हिशेब त्यानं मांडला असणार, आणि बायकोला हाक मारून म्हणाला असणार, फिट्टंफाट!